फिगर स्केटिंगच्या प्रोग्रामचं संगीत: मुंबईतल्या स्केटर आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतली बहुतेक मुलं फिगर स्केटिंग चाकांवरच शिकतात, क्वाडवर (दोन-दोन चाकांच्या जोड्या) नाहीतर इनलाइनवर (एका ओळीतली चाकं). मॉलमध्ये बर्फ मिळतो तो छोटा. पुरा ६० बाय ३० मीटरचा बर्फ हवा तर डेहराडूनसारखं ठिकाण गाठावं लागतं. म्हणून खालची उत्तरं दोन्हीकडच्यांसाठी आहेत. वेळेचे आणि गुणांचे आकडे मात्र बर्फावरच्या स्पर्धांचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या नियमांतले आहेत. चाकांवरच्या स्पर्धेचे आकडे त्या-त्या परिपत्रकातूनच घ्यावेत.

सुरुवात कुठून करायची? आमच्याकडे वीस गाण्यांची यादी तयार आहे.

यादी बाजूला ठेवा. आधी मूल मोजा, गाणं नंतर. मोबाइल रिंकच्या कठड्यावर टेकवून मुलीचे साधे क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकत जाणं) मिनिटभर शूट करा, संगीत न लावता. मग व्हिडिओ बघत १५ सेकंदांत तिचे किती पुश होतात ते मोजा आणि चाराने गुणा. २२ पुश आले तर मिनिटाला ८८. ही तिची स्वतःची लय. गाण्याचे ठोके मिनिटाला ८८च्या आसपास, चार-पाच इकडेतिकडे, किंवा दुपटीने १७६च्या जवळ असतील तर ते गाणं तिच्या पायांत बसेल.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथेच होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ज्या गाण्याने टाळ्या घेतल्या तेच रिंकवर आणलं जातं. नाचात पाऊल जागच्या जागी पडतं, तिथे १३०ची लय सहज पेलते. स्केटरला एका पुशमध्ये दोन-तीन मीटर सरकायचं असतं, गुडघा पुरता वाकवून पुन्हा सरळ करायचा असतो. त्याला वेळ लागतो. लय पुढे पळाली की मूल गुडघा वाकवणंच सोडून देतं, पुश आखूड होतात, हात संगीताबरोबर आणि पाय मागे, असं काहीतरी दिसायला लागतं. पालकांना वाटतं सराव कमी पडला. सराव नाही, गाणं चुकलेलं असतं.

ठोके मोजणारं ॲप १७२ सांगतं, कानाला ८६ वाटतात. खरं काय?

दोन्ही खरं. ॲप आतला बारीक वाजणारा ठेका पकडतं, तुम्ही टाळी मोठ्या ठोक्यावर देता. पाय ज्या ठोक्यावर पडणार तो धरा.

प्रोग्रामची वेळ किती असते? फाइल किती सेकंदांची कापायची?

एकेरीत शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे ठरवून दिलेल्या घटकांचा छोटा प्रोग्राम, २ मिनिटं ४० सेकंदांचा. फ्री स्केटिंग, म्हणजे दुसरा लांब प्रोग्राम, सीनियरला ४ मिनिटं, ज्युनियरला ३ मिनिटं ३० सेकंद. आइस डान्समध्ये ऱ्हिदम डान्स (ठरवून दिलेल्या लयीवरचा पहिला प्रोग्राम) २ मिनिटं ५० सेकंद. या सगळ्यांत दहा सेकंद कमी-जास्त चालतात. हे गेल्या काही हंगामांतले आकडे आहेत. नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबू नका. क्लबच्या आणि लहान गटांच्या स्पर्धांत वेळ बरीच कमी असते.

घड्याळ संगीताबरोबर सुरू होत नाही. स्केटर हलली की सुरू होतं आणि पूर्ण थांबली की बंद. नुसता हात उचलला तरी ती हललीच. मर्यादेच्या बाहेर गेलेल्या दर पाच सेकंदांपर्यंत एक गुण वजा होतो, कमी पडलं तरी आणि जास्त झालं तरी. शिवाय ठरलेली वेळ अधिक दहा सेकंद उलटून गेल्यावर सुरू केलेला जंप किंवा स्पिन मोजलाच जात नाही. म्हणून शॉर्ट प्रोग्रामची फाइल २:४२ ते २:४५च्या दरम्यान ठेवावी. शेवटचा स्पिन लांबला तर चार-पाच सेकंद हाताशी राहतात. २:५०ची फाइल कापून ‘वेळ पुरेपूर वापरू’ म्हणणारे दर स्पर्धेत भेटतात, आणि त्यांतले काही जण गुण घालवून घरी जातात.

वेळेचा सर्वांत प्रसिद्ध किस्सा १९८४च्या सारायेव्हो ऑलिंपिकचा. ब्रिटनच्या जेन टॉरविल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी रावेलचा ‘बोलेरो’ घेतला. मूळ वादन पंधरा मिनिटांच्या आसपास. कापून कापून ते ४ मिनिटं २८ सेकंदांखाली येईना आणि मर्यादा होती ४ मिनिटं १० सेकंद. त्या वेळी ब्लेड बर्फाला लागून स्केटिंग सुरू झाल्यावरच घड्याळ चालू व्हायचं. मग पहिली १८ सेकंदं दोघं गुडघ्यांवर बसून नुसते डोलत राहिले. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ पंचांनी ६.०, म्हणजे तेव्हाचे पूर्ण गुण, दिले. आता ही फट बुजलेली आहे. डोललात की घड्याळ चालू.

शब्द असलेलं गाणं चालतं का?

एकेरीत आणि जोडीत २०१४–१५च्या हंगामापासून चालतं, आइस डान्समध्ये त्याआधीपासून. पण चालतं म्हणून घ्यावंच असं नाही. शब्द कानावर पडला की बघणारा अर्थ शोधतो. ‘सांभाळ’ या शब्दावर मूल आपटलं तर प्रेक्षकांत काय होतं ते सांगायला नको. नवशिक्यांसाठी साधा तोडगा असा: जंपच्या जागी वाद्यांचा भाग ठेवा, शब्द स्टेप सीक्वेन्सपाशी (सलग पावलांच्या आणि वळणांच्या भागापाशी) येऊ द्या.

मराठी किंवा हिंदी गाणं घेतलं तर पंचांना कळेल का?

भाषा कळायची गरज नसते, घडण कळावी लागते. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी २००९–१०च्या हंगामात ओरिजिनल डान्स (आइस डान्सचा तेव्हाचा एक प्रोग्राम) हिंदी चित्रपटगीतांवर बसवला होता. ‘देवदास’मधलं ‘डोला रे डोला’ आणि ‘बंटी और बबली’मधलं ‘कजरा रे’ त्यात होतं. व्हँकुव्हर ऑलिंपिकला त्यांना रौप्यपदक मिळालं. गाण्यातल्या ठेक्याचे कोन त्यांच्या हातात, मानेत आणि पायांत एकदमच दिसत होते, ते परदेशी पंचांना दिसायला भाषांतर लागलं नाही.

आपल्याकडच्या संगीतात स्केटिंगला काय सोसतं ते प्रकारागणिक बदलतं. कोळीगीताचा डोलणारा ठेका फार कामाचा आहे: वल्हं मारल्यासारखा एक लांब एज (एका कडेवर झुकून घेतलेली वळणदार सरक) डावीकडे, एक उजवीकडे, आणि शरीर आपोआप झुलतं. चौदाच्या आतल्या मुलांना हे सगळ्यात लवकर जमतं. पोवाडा जोर दाखवायला छान, पण त्यात स्वर लांबवून धरलेला फारसा मिळत नाही, त्यामुळे स्पायरल (एक पाय मागे उंच धरून सरकणं) आणि स्प्रेड ईगल (दोन्ही पावलं बाहेर वळवून सरकणं) उपरे वाटतात. लावणीची ढोलकी स्टेप सीक्वेन्ससाठी सोनं आहे. मात्र दहा वर्षांच्या मुलीला मोठ्या बाईच्या अदा करायला लावू नका. ढोलकीचा तुकडा घ्या, शब्द सोडा. भावगीतं स्केटरच्या आईला फार आवडतात. त्यांत चढउतार कमी असतो आणि तिसऱ्या मिनिटाला रिंकवर काहीच घडत नाहीये असं वाटू लागतं, एवढी एकच तक्रार.

तालाचा विचार करावा लागतो का? कोच तर ‘फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट’ मोजतात.

आठाने मोजणं केहरव्याला चालतं, कारण तो आठ मात्रांचा. त्रितालाच्या सोळा मात्राही आठाच्या दोन फेऱ्यांत बसतात. दादऱ्याला सहाने मोजा. तो वॉल्ट्झच्या तिनाच्या जोडीसारखा वागतो, आणि थ्री-टर्न आणि मोहॉक ही वळणं, वॉल्ट्झ जंप ही साधी उडी त्यात सुरेख बसतात. रूपक सात मात्रांचा. तो आठाने मोजत बसलात तर तिसऱ्या आवर्तनाला मूल समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, तीन मात्रा दूर गेलेलं असतं आणि कुणालाच कळत नाही काय बिघडलं.

तिहाई ही आपल्या संगीतातली तयार मिळणारी समाप्ती. तोच तुकडा तीनदा आणि शेवटचा घाव समेवर. शेवटच्या स्पिनमधून बाहेर पडून समेला पोझ घेतली की टाळी वसूल. अट एकच: तिहाईच्या आधी निदान एक आवर्तन मोकळं ठेवा. स्पिन एखादा फेरा लांबला आणि समेला मूल अजून फिरतच असेल, तर तीच तिहाई चूक ओरडून सांगते.

जंप बरोबर ठोक्यावर कसा पडेल?

सिंगल-डबल जंप हवेत साधारण अर्धा सेकंद असतो. ९६च्या लयीत एक मात्रा ०.६२५ सेकंदांची. म्हणजे एक मात्रा आधी टेक-ऑफ आणि लँडिंग समेच्या जवळपास. हे गणित कागदावर छान दिसतं. रिंकवर कठीण जंपच्या आधी प्रत्येक मूल कधी अर्धी मात्रा थांबतं, कधी घाई करतं. म्हणून सगळ्यात अवघड जंप कधीही एकुलत्या एक मोठ्या घावावर ठेवू नका. तो वाहत्या, सलग भागात ठेवा, जिथे अर्ध्या सेकंदाचा फरक ऐकू येत नाही. मोठा घाव राखून ठेवायचा तो जे तिच्या हातात नक्की आहे त्यासाठी: एखादी किक, झटकन वळलेली मान, थांबलेली पोझ. पंच लक्षात ठेवतात ती हीच क्षणचित्रं.

पाच मिनिटांचं गाणं २:४०चं कसं करायचं? नेमकं सांगा.

सेकंद विसरा, आवर्तनं मोजा. समजा गाणं केहरव्यात आहे आणि लय ९६. आठ मात्रांचं एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं. २ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ३२ आवर्तनं. आता गाण्याचा नकाशा काढा: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, पहिलं म्युझिक, पहिला अंतरा, पुन्हा मुखडा, दुसरं म्युझिक, दुसरा अंतरा, शेवट. प्रत्येकापुढे किती आवर्तनं ते लिहा. ज्या भागाची चाल आधी येऊन गेली तो उडवायचा. बहुतेक चित्रपटगीतांत पहिला अंतरा आणि मधला मुखडा गेला तरी काही अडत नाही. दुसरं म्युझिक बहुधा जास्त भरीव असतं, ते ठेवा.

उरलेली ३२ आवर्तनं अशी वाटता येतील. सुरुवातीला ३: पोझ, दोन-तीन खोल एज आणि वेग पकडणं. मुखड्याची ६: इथे पाय ताजे असतात, तेव्हा जंप कॉम्बिनेशन (लागोपाठ दोन जंप) आणि सोलो जंप. दोन्हींच्या मध्ये दोन आवर्तनं तरी हवीत, नाहीतर दुसऱ्या जंपला वेगच मिळत नाही. मग म्युझिकची ५: फ्लाइंग स्पिन (उडी घेऊन सुरू होणारा). त्याला दोन आवर्तनं द्या, उरलेली येण्या-जाण्यात जातात. अंतऱ्याची ८: यातली ६ स्टेप सीक्वेन्सला, म्हणजे ३० सेकंद, आणि शेवटची २ निव्वळ श्वासासाठी, दिसायला स्पायरल. इथे आपण १:५०ला पोचलो.

पुढची ४ आवर्तनं शांत हवीत. वाद्यं कमी, एखादी बासरी किंवा नुसता आलाप. इथे ॲक्सेल (पुढे तोंड करून घ्यायचा जंप) आणि एकाच पोझिशनचा स्पिन. ॲक्सेल इतका मागे का, तर शॉर्ट प्रोग्राममधला शेवटचा जंप दुसऱ्या अर्ध्यात आला की त्याच्या मूळ किमतीला दहा टक्के बोनस मिळतो. फ्री स्केटिंगमध्ये हाच बोनस शेवटच्या तीन जंपना. पण ॲक्सेल थकल्यावर कोसळत असेल तर बोनसचा नाद सोडा आणि तो पुढे आणा. उरली ६ आवर्तनं: कॉम्बिनेशन स्पिनला (पोझिशन बदलत केलेल्या) ३, एक मोकळं, दोनांत तिहाई आणि पोझ. बेरीज ३२.

गाण्यात शांत चार आवर्तनं मुळात नसतील तर? तर ते गाणं शॉर्ट प्रोग्रामला अपुरं आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आवाजात वाजणारं संगीत स्केटरला कुठेच श्वास घेऊ देत नाही, आणि पंचांनाही सगळं सारखंच वाटतं. २०२२–२३पासून कॉम्पोनंटचे गुण (जंप-स्पिनच्या गुणांखेरीज एकूण सादरीकरणाचे) कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स या तीनच खाती मिळतात. संगीताचं वेगळं खातं गेलं म्हणून ते बिनमहत्त्वाचं झालं नाही. चढउताराशिवायचं संगीत आता पहिल्या दोन खात्यांत नुकसान करतं.

जोड दिलेली जागा ऐकू येते. काय चुकतं?

चारांपैकी एक कारण असतं.

कट समेवर नाही. तरंगाकृती (स्क्रीनवर दिसणारी आवाजाची लाट) मोठी करून समेचा ठोका शोधा आणि त्याच्या अगदी आधी कापा, ठोका पुढच्या तुकड्यात जाऊ द्या.

‘टक्’ असा बारीक आवाज येतो. लाट शून्याच्या रेषेवर नसताना कापलं की हे होतं. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये झीरो क्रॉसिंगची सोय आहे, किंवा १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा चढवणं) द्या.

आधीच्या झांजेची किंवा गायकाच्या स्वराची शेपटी तुटते. कट अर्धं आवर्तन मागे-पुढे करून बघा.

पट्टी बदलते. दोन गाणी जोडताना हे हमखास होतं. पहिलं काळी एकमध्ये आणि दुसरं पांढरी दोनमध्ये असेल तर अंतर फक्त अर्ध्या स्वराचं, आणि तेच सर्वांत बेसूर लागतं. दुसऱ्या गाण्याची पट्टी अर्धा स्वर खाली घ्या, नाहीतर दोघांच्या मध्ये नुसत्या तालवाद्यांचं एक आवर्तन घाला. तबला, ढोलकी, झांज यांच्यावरून कान दुसऱ्या पट्टीत सहज जातो. फेड-आउट करून मग फेड-इन हा आळशी उपाय. मधल्या शांततेत मूल रिंकवर एकटं पडतं.

गाण्याची लय थोडी वाढवली किंवा कमी केली तर?

पट्टी न हलवता तीन-चार टक्क्यांपर्यंत कुणाला कळत नाही. सहा-सात टक्क्यांच्या पुढे आवाज पाण्यातून आल्यासारखा आणि तबला चिकटल्यासारखा लागतो. त्यापेक्षा दुसरं गाणं शोधा.

घरी हेडफोनवर अप्रतिम, रिंकवर नुसता गोंगाट. असं का?

पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, उघड्या भिंती. मुंबईतल्या बहुतेक रिंकवर आवाज परत परत उसळतो आणि खालचे स्वर एकमेकांत मिसळून नुसते घुमतात. बासवर उभं असलेलं संगीत इथे मरतं. ज्यात चाल मधल्या पट्टीत आहे, म्हणजे व्हायोलिन, बासरी, पेटी, गळा, ते टिकतं. गाणं पक्कं करण्याआधी रिंकच्याच स्पीकरवर वाजवा आणि लांबच्या टोकाला उभं राहून ऐका. ठेका तिथून कळत नसेल तर स्केटरलाही कळणार नाही.

दुसरी गोष्ट, रिंकचे भोंगे बहुधा मोनो असतात. डाव्या-उजव्या कानात फिरवलेली वाद्यं मोनोत बारीक होतात, कधी एकमेकांना पुसूनही टाकतात. फाइल एकदा मोनो करून ऐका. काही गायब झालं तर ते रिंकवरही गायब होणार.

तिसरी गोष्ट फारच थोडे लोक लक्षात घेतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर ६० मीटरच्या रिंकच्या एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाला तो जवळजवळ ०.१८ सेकंद उशिरा पोचतो. १२०च्या लयीत ही एका ठोक्याची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चूक. पंच स्पीकरजवळ बसले असतील तर लांबच्या कोपऱ्यातली स्टेप त्यांना मागे पडल्यासारखी दिसते, बिचारी स्केटर अचूक असली तरी. टोकदार ठेक्याच्या हालचाली पंचांच्या बाजूला ठेवा, लांब एज पलीकडच्या टोकाला.

आणि ब्लूटूथ स्पीकरवर व्हिडिओ बघून ‘ती ठोक्याच्या मागे आहे’ असा निकाल देऊ नका. ब्लूटूथचा स्वतःचाच उशीर असतो. वायर लावा.

फाइल कशी द्यायची?

डब्ल्यूएव्ही, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. किंवा एमपी३, ३२० केबीपीएस आणि कॉन्स्टंट बिट रेट. व्हेरिएबल बिट रेटच्या फाइलची वेळ काही प्लेअर चुकीची दाखवतात आणि मग आयोजकांशी वाद होतो. सुरुवातीला एक सेकंद शांतता पुरे. सर्वांत मोठा आवाज उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. दोन पेन ड्राइव्ह, दोन्हींवर फक्त त्या स्पर्धेच्या फाइली. जुन्या पाच आवृत्त्या ठेवल्या की ऑपरेटर नेमकी चुकीची लावतो. फाइलच्या नावात गट, स्केटरचं नाव आणि प्रोग्रामचा प्रकार असावा, तोही रोमन लिपीत, कारण काही जुन्या संगणकांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोनवरून वाजवायची वेळ आलीच तर फ्लाइट मोड. फ्री स्केटिंगच्या मध्यात कुरिअरवाल्याचा फोन वाजला तर बंद होतं ते संगीत, घड्याळ नव्हे.

संगीत मध्येच बंद पडलं तर मुलीने काय करावं?

थांबावं आणि रेफ्रीकडे जावं. चूक ध्वनियंत्रणेची असेल तर शिक्षा नाही. अगदी सुरुवातीला बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं, नंतर बिघडलं तर जिथे थांबली तिथून. हे मुलांना आधी सांगून ठेवा, कारण बहुतेक मुलं घाबरून संगीताशिवायच करत राहतात.

पडल्यावर मात्र संगीत कुणासाठी थांबत नाही. उठेपर्यंत तीन-चार सेकंद जातात, एखादं आवर्तन. म्हणून प्रत्येक मोठ्या जंपनंतर एक ‘स्टेशन’ ठरवा: गाण्यातली अशी ओळखीची जागा जिथे ती काहीही झालं तरी सापडलीच पाहिजे. पडली तर मधल्या स्टेप गाळायच्या आणि स्टेशन गाठायचं. दादरची गेली म्हणून कुणी धावत परळ गाठत नाही, पुढची पकडतो.

चाकांवर बसवलेला प्रोग्राम बर्फावर नेला तर संगीत तेच चालेल?

फाइल तीच चालेल, जागा बदलतील. बर्फावर एका पुशमध्ये जास्त अंतर कापलं जातं, त्यामुळे मुलं जंपच्या जागी संगीताच्या आधी पोचतात आणि वाट बघत उभी राहतात. रिकाम्या जागा एजने भरा, जादा क्रॉसओव्हरने नको. उलट, चाकांवर, विशेषतः खरखरीत सिमेंटवर, वेग लवकर मरतो. लांबलचक धरलेल्या स्वरावरची स्पायरल अर्ध्यात विझते. चाकांसाठी चार मात्रांहून लांब स्वर असेल तर त्यात एखादा वळसा घालावा लागतो.

कॉपीराइटचं काय?

स्पर्धेच्या ठिकाणी गाणी वाजवण्याचे परवाने आयोजकांनी घ्यायचे असतात. आपल्याकडे त्यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या संस्था आहेत. तुमचा प्रश्न सुरू होतो व्हिडिओ यूट्यूबवर चढवल्यावर: आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच अडवला जातो. जुनी चाल म्हणजे मोकळं संगीत असा समज करून घेऊ नका. भारतात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो आणि ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. रचना दोनशे वर्षांपूर्वीची असली तरी गेल्या वर्षीचं वादन कुणाच्या तरी मालकीचं आहे. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी एका अमेरिकन जोडीच्या शॉर्ट प्रोग्रामवरून नेमका असाच कोर्टकज्जा झाला: लोकगीत जुनं, रेकॉर्डिंग नव्या कलाकारांचं. परदेशी स्पर्धेला जाणार असाल तर गीतकार, संगीतकार, वादक आणि कंपनी यांची नोंद गाणं निवडतानाच करून ठेवा.

तेच ते संगीत घेतलं तर गुण जातात का?

नाही. १९८८ला कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये कातारिना विट आणि डेबी थॉमस दोघींनी फ्री स्केटिंगला ‘कार्मेन’च घेतलं होतं, एकीला सुवर्ण आणि दुसरीला कांस्य मिळालं. पण सगळ्यांना पाठ असलेल्या संगीतावर तुलना होतेच.

निवड कोणी करायची, कोचने, आईबाबांनी की मुलीने?

कोचने तीन गाणी काढावीत, लय आणि घडण तपासून. त्यातलं एक मुलीने निवडावं. ते गाणं ती पुढच्या वर्षभरात शेकडो वेळा ऐकणार आहे. साधी परीक्षा: तिन्ही गाणी आठवडाभर तिच्या फोनवर ठेवा, लोकलमध्ये जाता-येता ऐकू दे. आठव्या दिवशी ज्याचा कंटाळा आलेला नाही ते घ्या. बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या गाण्याला या प्रक्रियेत मत नाही.

पावसाळ्यात उघडा रिंक बंद असतो. तेव्हा काय?

कापाकापी तेव्हाच करून टाका. मे महिन्यात गाणं ठरवावं, जूनमध्ये फाइल पक्की करावी आणि जुलै-ऑगस्टमध्ये प्रोग्राम सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा गच्चीच्या जिन्यापाशी बुटांवर चालून घ्यावा. रिंकच्या एक-चतुर्थांश मापाचा आयत खडूने आखा, पंचांची बाजू ठरवा, स्टेशनच्या जागी फुल्या मारा. जंपच्या जागी नुसती उडी, स्पिनच्या जागी मात्रा मोजत उभं राहणं. रोज दोनदा, पूर्ण संगीतावर. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर नको, नियम आहे आणि शेजारीही आहेत. त्या वेळी एक इअरफोन मुलीच्या कानात आणि दुसरा तुमच्या.